मोडलेले हाड आणि गेलेला वेळ

शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणां सर्वांना लढायांचा इतिहास तोंडपाठ असतो. पण मोडलेल्या हाडालाही इतिहास आहे, आणि तो बहुतांशी कष्टकऱ्यांच्या व सैनिकांच्या दुखापतींतून घडला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते वाचनालयांत आणि गेटसभांत. म्हणून हा इतिहास डॉक्टरांच्या नव्हे, तर जखमीच्या बाजूने सांगावा असे आम्ही योजले आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावात हाड कसे मोडते? डोंगरपट्ट्यात हिरडा काढताना माणूस झाडावरून पडतो. खाली बागायतीत मळणीयंत्रात हात सापडतो. शर्यतीच्या घाटात बैलगाडा अंगावर येतो. आणि पुणे-नाशिक रस्त्याचे तर बोलायलाच नको. अशा वेळी पिढ्यान् पिढ्या आधार होता तो हाडवैद्याचा. त्याला हसण्याचे कारण नाही. अर्वाचीन अस्थिशल्यविद्येच्या जनकांत गणला जाणारा लिव्हरपूलचा डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) हा हाडवैद्याचाच मुलगा. मोडलेला अवयव हलू देऊ नका, त्याला पुरती विश्रांती द्या, हे त्याचे सूत्र होते. मात्र हाड कातडी फाडून बाहेर आले आणि जखमेत माती गेली, की हाडवैद्याचा इलाज खुंटतो. पट्टी फार आवळली तर अवयव सडतोही.

अशा उघड्या जखमेवर एके काळी मोठमोठ्या शल्यवैद्यांजवळही बहुधा एकच उपाय असे : अवयव कापणे. १८६५ साली ग्लासगो येथे गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या एका मुलाच्या जखमेवर जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, पाय वाचला. स्वच्छतेचा धडा मिळाला.

दुसरा धडा वेळेचा. १८८८ ते १८९४ या काळात मँचेस्टरचा जहाजी कालवा खणताना हजारो मजूर राबत होते. थॉमसच्या हाताखाली तयार झालेल्या रॉबर्ट जोन्सने त्या ३६ मैलांवर तीन रुग्णालये आणि मधे मधे प्रथमोपचाराची ठाणी उभी केली. जखमीने रुग्णालय शोधीत जावयाचे नाही, उपचाराने जखमीकडे यावयाचे, ही कल्पना मजुरांच्या कामावर जन्मली. पुढे पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड फुटून उघडी जखम झालेले सैनिक, त्या काळच्या नोंदींप्रमाणे, शंभरात सुमारे ऐंशी दगावत. थॉमसने बनविलेली लोखंडी चौकट पायाला बांधून मगच जखमीला हलवावयाचे, जखम लवकर साफ करावयाची, अशी पद्धत पडली. आणि १९१७ च्या आरासच्या लढाईत हे प्रमाण सोळाच्या आसपास आले.

त्यानंतर विद्या झपाट्याने वाढली. १९३९ साली जर्मनीत कुंट्शरने हाडाच्या पोकळीत सळई घातली; १९५८ साली स्विस शल्यवैद्यांनी पट्ट्या व स्क्रूंचे शास्त्र बसविले; १९६५ साली पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी आपल्या रुग्णालयाचा आरंभ केला. मग नवे संशोधन आज काय सांगते? गंमत अशी की, ते पुन्हा त्याच दोन जुन्या धड्यांकडे येते.

२०१० साली ४० देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्वस्त, जुने औषध रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करते. पण ते तीन तासांच्या आत दिले तरच, पुढे त्याचा अपायही होऊ शकतो. २०१५ साली उघड्या अस्थिभंगांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत भारतीय रुग्णालयेही होती. साबणाच्या द्रावणापेक्षा साध्या सलाईनने जखम धुतल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी कमी येते, आणि पाण्याचा जोर वाढवून काही अधिक साधत नाही, असे दिसून आले. २०२० साली १८ देशांतील ३१ हजारांहून अधिक अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उशीर होण्याचे मोठे कारण कोणते, तर एका रुग्णालयाने दुसऱ्याकडे पाठविणे! हे आपल्याकडे कोणास नवे वाटेल?

२०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. साधने नाहीतच असे आम्ही म्हणणार नाही. पण गाडी येणे निराळे आणि योग्य दाराशी वेळेवर पोहोचणे निराळे. भीमाशंकरच्या कुशीतल्या वाडीवरचा माणूस आणि महामार्गालगतचा माणूस यांचे हाड सारखेच. घड्याळ सारखे नाही.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक कोष्टक जोडलेले होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के गेली, ते त्यात मांडलेले. त्या टक्क्यांसाठी आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. पण त्या कोष्टकात वेळेचा रकाना नव्हता. तो आता गावांनी घालावा. अपघात किती वाजता झाला, गाडी किती वाजता आली, किती दारे हिंडावी लागली, शस्त्रक्रिया केव्हा झाली, एवढ्या चार नोंदी प्रत्येक गावाने ठेवाव्यात आणि ग्रामसभेत वाचाव्यात. गेलेल्या पायाची भरपाई मागणे हा हक्क आहेच. पाय जाऊच नये यासाठी तासांचा हिशेब मागणे हाही हक्कच आहे, आणि तो पहिला आहे.