उवांना रक्त पाजण्याची नोकरी

स्टेफान बानाख हे विसाव्या शतकातले फार मोठे गणिती. पण १९४१ ते १९४४ या काळात ल्वूव शहरात त्यांचं पोट चालत होतं ते उवांना स्वतःचं रक्त पाजून. आज युक्रेनमध्ये असलेलं आणि ल्विव म्हणून ओळखलं जाणारं हे शहर तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. विद्यापीठ बंद पडलं होतं आणि जुलै १९४१मध्ये तिथल्या प्राध्यापकांना गोळ्या घालून मारण्यात आलं होतं. जे वाचले, त्यांच्यातल्या अनेकांना टायफसची लस बनवणाऱ्या रुडॉल्फ वाइगल यांच्या संस्थेने उवा पोसायच्या कामावर घेऊन आसरा दिला.

या नोकरीचं मूळ टायफसमध्ये होतं. हा रोग कपड्यांतल्या उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९मध्ये ट्युनिसला दाखवून दिलं. डोक्यातली ऊ केसाला लिखा चिकटवते, ही मात्र कपड्यांच्या शिवणीत अंडी घालते आणि फक्त रक्त प्यायला अंगावर येते. साधारण आठवड्याभरात अंड्यातून पिल्लू निघतं, तीनदा कात टाकतं आणि आणखी दहाएक दिवसांत स्वतः अंडी घालू लागतं.

तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. पण तापाने फणफणलेलं अंग तिला सोसत नाही आणि थंड पडलेलं प्रेतही नको असतं. मग ती शेजारच्या माणसाकडे सरकते. खंदक, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या अशा ठिकाणी, जिथे महिनोन्‌महिने कपडे बदलायला मिळत नाहीत, तिथे शेजारी हातभर अंतरावरच असतो. तिच्या विष्ठेतले जंतू माणूस खाजवतो तेव्हा ओरखड्यांतून शरीरात शिरतात. रोग उवेलाही सोडत नाही. दोनेक आठवड्यांत तीही मरते.

हे जंतू साध्या खाद्यद्रव्यावर वाढत नाहीत, त्यांना जिवंत पेशी लागतात. वाइगल यांनी उवेलाच प्रयोगशाळा केलं. काचेच्या अतिसूक्ष्म नळीने ते एकेका उवेच्या गुदद्वारातून जंतू आत सोडत. काही दिवसांनी जंतूंनी भरलेली आतडी काढून, वाटून, फिनॉलने जंतू मारून लस बनवली जाई. एका मात्रेला नव्वदच्या आसपास उवा लागत. एवढ्या उवा पोसायच्या तर रक्त माणसाचंच हवं. म्हणून जाळीच्या तळाच्या छोट्या लाकडी डब्यांत शेकडो उवा भरून ते डबे मांडीला किंवा पोटरीला पट्ट्याने बांधत. अर्धा-पाऊण तास त्या रक्त पीत. जंतू टोचलेल्या उवांना पोसणाऱ्यांना आधी लस दिली जाई.

पगार आणि जादा शिधा मिळे, पण खरं मोल ओळखपत्राचं होतं. लस जर्मन सैन्यासाठी होती आणि उवांची दहशत अशी की ते पत्र पाहून शिपाई चार पावलं मागे सरत. पुढे कवी म्हणून गाजलेला झ्बिग्निएव हेर्बर्टही इथे उवा पोसत होता. काही लस गुपचूप वॉर्सा आणि ल्वूवच्या ज्यू वस्त्यांतही पोचली.

एव्हाना हा धंदा मोडीत निघू लागलाच होता. १९३८मध्ये हेरल्ड कॉक्स यांनी कोंबडीच्या अंड्यात जंतू वाढवून दाखवले, आणि १९४३-४४च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये डीडीटीच्या भुकटीने थेट उवांचाच काटा काढला. वाइगल १९५७मध्ये वारले; ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्रायलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने २००३मध्ये त्यांचा मरणोत्तर गौरव केला.