हातातल्या पडद्याचा बारीकपणा

हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या चर्चेत दोन आकडे ठळकपणे येतात: पडद्यावर एकूण पिक्सेल किती आणि एका इंचात किती बसवले आहेत. पहिले रेझोल्यूशन, दुसरी पिक्सेल-घनता, म्हणजे पीपीआय. दोन्ही आकडे खरे असतात, तरी खेळणाऱ्याला प्रत्यक्षात काय दिसेल ते त्यांतून कळत नाही. डोळा कोनात मोजतो. पडदा डोळ्यापासून किती लांब धरला आहे हे हिशेबात घेतल्याशिवाय घनतेचा आकडा अर्धवटच राहतो.

घनता काढणे सोपे आहे. रुंदी-उंचीच्या पिक्सेलांवरून पायथागोरसच्या रीतीने कर्ण काढायचा आणि पडद्याच्या इंचांनी भागायचे. २०२२ साली आलेल्या स्टीम डेकचा पडदा ७ इंची, १२८०×८०० पिक्सेलांचा. कर्ण येतो १५०९ पिक्सेल, घनता २१६. म्हणजे एक पिक्सेल सुमारे ०.११८ मिलिमीटरचा. असे यंत्र खुर्चीत बसून धरले तर डोळ्यापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर येते आणि तिथून एक पिक्सेल १.१६ कलेचा कोन व्यापतो. एका अंशात ५२ पिक्सेल बसतात. निकोप नजरेला दोन बारीक रेषा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे एका कलेचे अंतर लागते. डोळे तपासताना ज्याला ६/६ म्हणतात ती नजर याच मापावर ठरवलेली आहे. एका अंशात ६० कला, म्हणून ६० पिक्सेल हा उंबरठा. स्टीम डेक त्याच्या किंचित अलीकडे थांबतो आणि हात जरा लांब करून यंत्र ४० सेंटिमीटरवर नेले की जवळपास तिथे पोहोचतो.

हाच हिशेब घरातल्या इतर पडद्यांना लावला तर गंमत होते. ५५ इंची टीव्ही अडीच मीटरवरून पाहिला तर त्याची उंची सुमारे साडेपंधरा अंश भरते. ३५ सेंटिमीटरवरच्या स्टीम डेकची उंचीही सव्वापंधरा अंशांच्या आसपासच. ‘छोटा पडदा’ हा शब्दप्रयोग कोनाच्या भाषेत टिकत नाही. डोळ्यापुरते बोलायचे तर दोघे सारखेच. उलट कित्येक कचेऱ्यांत दिसतो तो २४ इंची, १०८० ओळींचा मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून पाहिला तर अंशाला जेमतेम ३८ पिक्सेल देतो. त्याच्यावर दिवसभर काम करणारा माणूस संध्याकाळी ८०० ओळींच्या पडद्याला जाडाभरडा म्हणतो, तेव्हा तो डोळ्याने नव्हे, आकड्याने पाहत असतो. एक तक्रार मात्र रास्त आहे, अक्षरांची. टीव्हीच्या १०८० किंवा २१६० ओळी गृहीत धरून आखलेली बारीक सूचना ७२० ओळींत उतरवली की कोन तोच राहतो, पण अक्षराच्या वाट्याला पिक्सेल कमी येतात. देवनागरीत तर शिरोरेषेच्या वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, सगळे तेवढ्याच उंचीत मावायचे असते. पण यावर इलाज अक्षर मोठे करण्याची सोय देणे हा आहे आणि तो खेळ करणाऱ्यांच्या हातात आहे.

साठचा उंबरठा म्हणजे भिंत नव्हे, हेही सांगायला हवे. एकच रेष मध्ये कुठे किंचित सरकली असेल तर ते सरकणे डोळा कलेच्या दहाव्या भागाइतके, कधी त्याहूनही सूक्ष्म, टिपतो. म्हणून तिरक्या कडेवरच्या पायऱ्या साठाच्या पुढेही जाणवतात. पण त्या कडेवर मधल्या छटा भरून मऊ केल्या, म्हणजे अँटी-अलायझिंग केले, तर बरेचसे काम भागते आणि तेही पडदा न बदलता.

बदलायचाच ठरवला तर किंमत मोजावी लागते. १९२०×१०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, स्टीम डेकच्या दुपटीहून थोडे जास्त. २५६०×१६०० म्हणजे बरोबर चौपट. प्रत्येक पिक्सेलचा रंग दर सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने काढायचा असतो आणि ती वीज बॅटरीतूनच येते. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची आणि प्रोसेसर एकटाच १५ वॉटपर्यंत खातो. शिवाय एलसीडीत पिक्सेल लहान झाला तरी त्याचा ट्रान्झिस्टर आणि तारा त्या प्रमाणात लहान होत नाहीत. प्रकाश जायची खिडकी आक्रसते आणि तेवढ्याच उजेडासाठी मागचा दिवा जास्त पेटवावा लागतो. वीज आणि पडदा यांचे भांडण जुनेच आहे. १९८९ चा गेम बॉय आणि १९९० चा गेम गिअर, दोघांचे रेझोल्यूशन तेच, १६०×१४४. गेम गिअरला रंग होते, मागे दिवा होता, पण सहा सेल तीन-चार तासांत संपत. गेम बॉयच्या चार छटा उजेडाकडे तोंड करून पाहाव्या लागत, पण चार सेलवर तो दहा तासांहून जास्त चाले. बाजाराने कोणाला निवडले हे सर्वश्रुत आहे.

माझ्या मते घनतेपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवे ते गुणोत्तराकडे: खेळाचे चित्र किती ओळींचे आणि पडदा किती ओळींचा. हे पूर्णांकात असेल तर जुन्या एका पिक्सेलच्या जागी नव्या पिक्सेलांचा नेमका चौकोन बसतो आणि कड धारदार राहते. अपूर्णांक आला की काही ओळी जाड, काही बारीक होतात किंवा शेजारच्या रंगांची सरासरी काढून चित्र धूसर करावे लागते. ठिपक्यांची रांगोळी सव्वापट कागदावर उतरवायला घेतली, पण ठिपके मात्र आधीच छापलेल्या जागीच द्यायचे, तर जी अडचण येईल तीच ही. सोनीने हे ओळखले होते. पीएसपीचा पडदा ४८०×२७२ चा, २०११ च्या व्हीटाचा ९६०×५४४ चा. दोन्ही दिशांनी नेमका दुप्पट, त्यामुळे जुने खेळ स्वच्छ बसतात. निन्टेन्डोने त्याच वर्षी थ्रीडीएस काढला, त्याच्या २४० ओळींवर डीएसच्या १९२ ओळी बसवायच्या म्हणजे सव्वापट. चित्र मऊ पडते. खेळ सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट बटण दाबून धरले की ते मूळ आकारात, भोवती काळी चौकट घेऊन येते. ही सोय ठेवणाऱ्या अभियंत्यांना अडचण पुरती ठाऊक होती, एवढे नक्की. २०२५ च्या स्विच २ वर तेच घडले: ७.९ इंची पडदा १०८० ओळींचा, पहिल्या स्विचचे हातातले खेळ ७२० ओळींचे, गुणोत्तर दीड. घनता २३७ वरून २७९ वर गेली, तरी सुधारित आवृत्ती न मिळालेले जुने खेळ नव्या पडद्यावर अधिक मवाळ दिसल्याची कुरकुर झाली. लेनोवोच्या लीजन गोचा २५६०×१६०० पडदा मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो, पण जाहिरातीतल्या कारणासाठी नव्हे. जड खेळ त्यावर १२८०×८०० मध्ये चालवला की नेमका दुपटीने बसतो.

अफाट घनतेची खरी गरज दिसते ती उलट्याच जागी. २०२१ चा अ‍ॅनालॉग पॉकेट ३.५ इंची पडद्यात १६००×१४४० पिक्सेल बसवतो. घनता ६१५, कोणत्याही नजरेला वरकरणी व्यर्थ. पण ते रेझोल्यूशन गेम बॉयच्या बरोबर दहापट आहे. जुन्या एका पिक्सेलला शंभर नवे मिळतात आणि त्या शंभरांत जुन्या पडद्याची जाळी, पिक्सेलांमधली फट, हिरवट छटा हे सगळे रंगवता येते. भरडपणाची हुबेहूब नक्कल करायला एवढा बारीकपणा लागला.

आतापर्यंतचा सगळा हिशेब स्थिर चित्राचा होता. खेळ हलतो. एलसीडी असो वा ओएलईडी, साधारणपणे प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत पडद्यावर तसेच थांबते, डोळा मात्र हलत्या वस्तूमागे सरकत राहतो आणि दृष्टिपटलावर ती वस्तू पुसट ओढली जाते. ७ इंची पडदा सुमारे १५ सेंटिमीटर रुंद. एका सेकंदात तो पार करणारी गाडी, सेकंदाला ६० चित्रे धरली तर, अडीच मिलिमीटर फरफटते. स्टीम डेकवर हे २१ पिक्सेल झाले, १०८० ओळींच्या ७ इंची पडद्यावर ३२, मिलिमीटर तेवढेच. तिथे घनता वाढवून काहीही हाती लागत नाही, चित्रांची संख्या वाढवली तरच लागते. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ओएलईडी स्टीम डेकमध्ये पडदा ७.४ इंचांचा झाला, सेकंदाला ६० च्या जागी ९० चित्रे आली, बॅटरी ५० वॉट-तासांची झाली. पिक्सेल तेवढेच राहिले, १२८०×८००. घनता २१६ वरून २०४ वर घसरली आणि दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली तर चांगले चित्र त्या घसरलेल्या पडद्यावरच दिसते.