सुट्या पैशांचे नाणेशास्त्र : प्रस्तावना

नाण्यांच्या अभ्यासकाला ओळखीपाळखीचे लोक हमखास एकच प्रश्न विचारतात : "हे विकले तर किती येतील?" विचारणाऱ्याच्या हातात बहुधा शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे असते, नाहीतर वैष्णोदेवीचे पाच किंवा दहा रुपयांचे. अनेक अभ्यासकांना हा प्रश्न बाजारू वाटतो. मला वाटत नाही. किंमत विचारणारा माणूस नकळत पुष्कळ काही विचारत असतो : हे नाणे कुठे पाडले, कोणत्या धातूचे, किती पाडले, त्यातली किती उरली आणि आज ती कोणाला हवी आहेत. नाणेशास्त्राचे निम्मे काम हेच आहे. म्हणून या पुस्तकाची सुरुवात त्याच प्रश्नापासून केली आहे, आणि उत्तरही आधीच सांगून टाकतो. दुकानदाराने मोड म्हणून परत दिलेले नाणे जवळजवळ नेहमी त्यावर लिहिलेल्या रकमेचेच असते. अपवाद आहेत, ते ओळखायला शिकता शिकता वाचक या विषयात शिरेल, अशी अपेक्षा आहे.

महाराष्ट्रात नाण्यांचा अभ्यास म्हटला की सातवाहन, क्षत्रप, होन आणि शिवराई यांच्याकडे लक्ष जाते. ते योग्यच आहे. पण आपल्या खिशातल्या नाण्यांचाही आता पाऊणशे वर्षांचा इतिहास झाला. १९५० साली राजाचा मुखवटा जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, तरी हिशेब आण्यांतच राहिला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले आणि नवा पैसा आला; १९६४ मध्ये त्याचे 'नवेपण' संपून तो नुसता पैसा झाला. त्याच सुमारास ॲल्युमिनियमची हलकी नाणी आली. तीन पैशांचे षट्कोनी नाणे त्याच काळातले. महागाईने ही सगळी चिल्लर निरुपयोगी केली आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी व्यवहारातून कायद्याने बाद झाली. पन्नास पैसे मात्र आजही वैध आहेत, दुकानदार काहीही म्हणो. राज्यकर्त्यांची धोरणे, धातूंचे भाव आणि घराघरांतली काटकसर अशा तीन गोष्टी एकाच वेळी सांगणारे दुसरे साधन इतक्या सहज हाती लागत नाही.

आता किमतीचा मुद्दा. सर्वांत मोठा गैरसमज स्मारक नाण्यांबद्दल आहे. चित्र वेगळे, म्हणून नाणे दुर्मीळ, असे लोक धरून चालतात. सरकारचा हेतू नेमका उलट असतो. १९९९ मध्ये शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे आणि संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे निघाले, २००२ मध्ये संत तुकारामांचे दोन रुपयांचे, २००७ मध्ये लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे. ती देशभर पोचावीत, लोकांनी वापरावीत, म्हणूनच पाडली होती. वैष्णोदेवीची नाणी २०१२ मध्ये श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघाली आणि तीही चलनात आली. वर लोकांनी ती खर्च न करता डब्यात, देव्हाऱ्यात जपून ठेवली. जे सगळ्यांनी जपले ते दुर्मीळ कसे होणार? टंचाई बहुधा त्या नाण्यांची होते, ज्यांच्याकडे त्या काळी कोणाचे लक्ष गेले नाही.

१९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया पाहा. आदल्या वर्षीचा, १९३८चा, सहज मिळतो. १९४० पासून चांदीचे प्रमाण घटवलेले रुपये आले, तेही मुबलक आहेत. मधल्या एका वर्षाचा रुपया मात्र इतका विरळा की त्याच्या बनावट प्रती बाजारात जास्त फिरतात. त्यावर ना वेगळे चित्र आहे, ना कोणाची जयंती. फरक फक्त शेवटच्या अंकाचा. नाणे हातात घेतल्यावर चित्राआधी साल पाहण्याची सवय लावून घ्यावी, ती यासाठी.

सालाच्या खालची जागाही पाहावी. तिथे टांकसाळीची खूण असते. मुंबईच्या नाण्यावर चौकटीच्या पत्त्यावरचा आकार, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, नॉयडाच्या नाण्यावर टिंब. कोलकाता काहीच खूण करत नाही. १९८५ मध्ये आपल्या टांकसाळी कमी पडल्या तेव्हा काही नाणी परदेशातून पाडून आणली. त्या वर्षाच्या काही रुपयांवर सालाखाली रोमन 'एच' दिसतो, तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. अशा नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीहून थोडे जास्त देतो. त्याने कोणी श्रीमंत होणार नाही, पण एका रुपयाच्या नाण्यातून त्या काळातल्या नाणेटंचाईची हकीकत हाती लागते.

धातू ओळखायला साधे लोहचुंबक पुरते. घरातली पाच रुपयांची तीन वेगवेगळी नाणी शेजारी ठेवा. १९९२ पासूनचे जाडजूड नाणे तांबे-निकेलचे आहे, वजन ९ ग्रॅम, आणि चुंबकाला ते दाद देत नाही. २००७ च्या सुमाराचे पातळ, पांढरे नाणे पोलादाचे आहे, वजन ६ ग्रॅम, ते टपकन चिकटते. २००९ नंतरचे पिवळसर नाणे निकेल-पितळेचे, तेही चिकटत नाही. किंमत एकच, तर धातू का बदलला? नाण्यातल्या धातूचा भाव दर्शनी किमतीच्या वर जाऊ लागला की लोक ते वितळवायला काढतात. आपली नाणी चोरट्या मार्गाने बांगलादेशात जाऊन तिथे त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास गाजल्या होत्या. नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे २०११ च्या नाणे कायद्याने निषिद्ध आहे, तेव्हा धातूसाठी नाणी जमवण्याचा विचार मनातून काढून टाकलेला बरा.

चुकीच्या नाण्यांचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे, कारण मोडीत सापडणाऱ्या खऱ्या अपवादांपैकी बरेच तिथलेच असतात. छाप एका बाजूला सरकलेला, चकती कोरीच राहिलेली, दहा रुपयांच्या नाण्याचा आतला गोल भाग भलतीकडे बसलेला, असे दोष टांकसाळीत घडतात आणि त्यांना गिऱ्हाईक असते. पण टांकसाळीबाहेर पक्कड, कानस आणि ॲसिड वापरूनही 'चुका' करता येतात. कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेले नाणे घेऊ. चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर त्याच्या बरोबर समोरची कड फिकी, दबलेली दिसते. कारण कड उचलणाऱ्या यंत्रात तुटक्या बाजूकडून दाब मिळत नाही, म्हणून समोरही कड नीट उभी राहत नाही. तुकडा नंतर कोणी कापला असेल, तर समोरची कड ठसठशीत असते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने हा फरक कोणालाही दिसतो.

नाण्याची अवस्था हा किमतीचा कणा आहे. एकच साल, एकच टांकसाळ. तरी टांकसाळीतून निघाल्यासारखे झळझळीत नाणे आणि हजार हातांतून घासलेले नाणे यांच्या भावाची तुलनाच होत नाही. मोडीतले नाणे बहुतेक वेळा इथेच मार खाते. त्यात कोणी ते चिंचेने घासून चकचकीत केले, की उरलेली किंमतही जाते. संग्राहकाला मूळ पृष्ठभाग हवा असतो. जुन्या ट्रंकेत सापडलेले गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे मात्र वेगळे. ते १५ ग्रॅमचे असून त्यात ८० टक्के चांदी आहे, म्हणजे निव्वळ चांदीच १२ ग्रॅम. त्याला संग्राहक मिळाला नाही, तरी चांदीचे मोल आहेच.

विक्रीबद्दल थोडे. सूचिपुस्तकातला भाव हा व्यापारी तुम्हाला देईल तो भाव नव्हे. तो त्याच्या नफ्याची जागा सोडूनच बोलतो, आणि लिलावात दलाली जाते. पुण्याच्या जुन्या बाजारात बाद पैशांचे ढीग एकदा पाहिले, की 'जुने म्हणजे महाग' हा भ्रम आपोआप फिटतो. 'पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख' अशा जाहिरातींमागची रीत ठरलेली असते : आधी तोंड भरून किंमत सांगायची, मग नोंदणी, कर किंवा कमिशनच्या नावाखाली तुमच्याकडूनच पैसे उकळायचे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही. खरा खरेदीदार नाणे पाहायला मागतो. पैसे आधी मागतो तो खरेदीदार नव्हे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे : साल आणि टांकसाळ, धातू आणि वजन, चुका, अवस्था, शेवटी बाजार. घाईच्या वाचकाने शेवटचे प्रकरण आधी वाचले तरी हरकत नाही, पण तिथले आकडे पहिल्या चार प्रकरणांवाचून समजणार नाहीत. सोबत भिंग, चुंबक आणि सराफाकडे असतो तसा छोटा काटा असावा. वाचून झाल्यावर मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय पाहावे, आणि ओढ वाढली तर नाशिकजवळ अंजनेरीला, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी के. के. माहेश्वरी यांच्यासह उभ्या केलेल्या संशोधन संस्थेत जावे. विकण्यासाठी नाणे उलटेपालटे करायला बसलेल्या वाचकाला बहुधा विकण्याजोगे काही मिळणार नाही. मात्र पुढच्या वेळी कोणी लाखाची गोष्ट सांगू लागला, तर त्याला काय विचारायचे हे त्याला नक्की ठाऊक असेल, आणि ज्या क्वचित नाण्यात खरोखर काही आहे, ते तो दहा रुपयांचे म्हणून खर्चून टाकणार नाही.