रिकामी खुर्ची

चित्रकलेवर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. ती रास्तच आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात. परंतु व्हिन्सेंट व्हॅन गॉग आम्हांस प्रथम भेटला तो खाणकामगारांच्या वस्तीत राहिलेला माणूस म्हणून. त्या ओळखीच्या बळावर हे धाडस करीत आहोत.

१८५३ साली हॉलंडमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी तो जन्मला. १८७८ च्या अखेरीस तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या मुलखात धर्मप्रचारासाठी गेला. तेथे त्याने अंगावरचे कपडे वाटून टाकले, खोपटात मुक्काम केला आणि १८७९ च्या खाणीतील स्फोटात होरपळलेल्यांची शुश्रूषा केली. वरिष्ठांना हा अतिरेक वाटला. त्यांनी त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. १८८० साली, सत्तावीस वर्षांच्या या बेकार माणसाने चित्रकार होण्याचे ठरविले.

त्याची सुमारे ३५ आत्मचित्रे आहेत. बहुतेक १८८६ ते १८८८ या काळात पॅरिसला काढलेली. याला आत्मप्रौढी समजू नये. समोर माणूस बसवावयाचा तर त्याला पैसे द्यावे लागत, आणि ते याच्यापाशी नव्हते. म्हणून त्याने मुद्दाम एक बरासा आरसा विकत घेतला. गरिबीने त्याला स्वतःसमोर बसविले, आणि ‘मी कोण?’ हा प्रश्न त्याने तेथेच पुन्हा पुन्हा विचारला.

पण या प्रश्नाचे अधिक खोल उत्तर, आमच्या मते, त्याच्या वस्तुचित्रांत आहे. १८८५ च्या मार्चमध्ये वडील वारले. ऑक्टोबरात त्याने वडिलांचे उघडे बायबल, विझलेली मेणबत्ती आणि शेजारी झोलाची एक झिजलेली कादंबरी रंगविली. बाप-लेकांचा सारा मतभेद त्या टेबलावर आहे. माणूस मात्र एकही नाही. १८८६ साली त्याने झिजलेल्या बुटांचा जोड काढला. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने ते शेतकरी बाईचे मानले; १९६८ साली मेयर शापिरो या कलेतिहासकाराने ते खुद्द चित्रकाराचेच, असे प्रतिपादन केले. निवाडा विद्वानांनी करावा. ते घालून कोणीतरी पुष्कळ चालले आहे, याविषयी मात्र दुमत नाही.

१८८८ च्या ऑक्टोबरात पॉल गोगँ हा चित्रकार आर्ल गावी त्याच्याकडे राहावयास आला. बिऱ्हाड नऊ आठवडे टिकले. या काळात व्हिन्सेंटने दोन खुर्च्या रंगविण्यास घेतल्या. स्वतःची साधी, गवती बैठकीची, दिवसाच्या उजेडातली; वर चिलीम आणि तंबाखू. गोगँची हातांची, रात्रीची. वर जळती मेणबत्ती आणि दोन पुस्तके. ध्यानात घ्या, त्या वेळी गोगँ त्याच घरात होता! माणूस जाण्यापूर्वीच त्याची रिकामी जागा याला दिसू लागली होती. डिसेंबरात भांडण झाले, कान कापून घेण्याचा तो प्रसंग घडला आणि गोगँ निघून गेला. १८९० च्या जुलैत व्हिन्सेंटही गेला.

हे सारे आम्हांस का सांगावेसे वाटले? काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याची शोकसभा भरवावयाची होती. तीस वर्षे भट्टीवर राबलेला माणूस. पण घरात हार घालण्याजोगा एक फोटो मिळेना. त्याच्या पत्नीने जेवणाचा डबा आणून टेबलावर ठेवला. डब्याच्या कडीचा मुलामा एका बाजूने, नेमका बोटांच्या जागी, पार उडालेला होता. आम्ही त्यालाच हार घातला. त्या दिवशी सभेत लांब भाषण कोणाकडूनच झाले नाही.

इतिहास लिहिणारे तसबिरींच्या मागे धावतात. ज्यांच्या तसबिरी निघाल्याच नाहीत, त्यांची ओळख त्यांनी झिजविलेल्या वस्तूंत शोधावी लागते. आपल्या घरात अशी एखादी वस्तू असेल. ती भंगारात घालण्यापूर्वी एकदा नीट पाहावी आणि ती कोणाची होती हे मुलांना नाव घेऊन सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.