तुळजापूर–नळदुर्ग–अक्कलकोट रस्ता : राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग झाला, त्यात काय बदललं?

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरहून नळदुर्गमार्गे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटला जाणारा रस्ता जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा आहे. अनेक वर्षं तो राज्यमार्ग होता. आज तो राष्ट्रीय महामार्ग ६५२ म्हणून ओळखला जातो.

हा रस्ता तुळजापूरजवळ राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून फुटतो. नळदुर्गला तो पुणे–हैदराबाद महामार्गाला (आताचा ६५, जुना ९) छेदतो. तिथून हन्नूरवरून अक्कलकोटजवळ महामार्ग १५०ई ला मिळतो. ६५२ या क्रमांकातच त्याचं मूळ सापडतं. नव्या पद्धतीत तीन अंकी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक मुख्य महामार्गाचे असतात, म्हणजे हा ५२ चा फाटा.

रस्त्याचं महत्त्व त्याच्या दोन टोकांमुळे आहे. एकीकडे तुळजाभवानी, दुसरीकडे स्वामी समर्थ. तुळजापूर, अक्कलकोट आणि पुढे कर्नाटकातलं गाणगापूर एकाच फेरीत करणाऱ्यांना या वाटेने सोलापूर शहरात शिरावं लागत नाही. दसऱ्यानंतर देवी निद्रेला जाते आणि अश्विन पौर्णिमेला तुळजापुरात मोठी गर्दी होते. त्या दिवसांत कर्नाटकातून पायी येणारे भाविक नळदुर्गच्या बाजूने तुळजापूर गाठतात. अरुंद रस्त्यावर पायी माणसं आणि ट्रक एकत्र आले की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

मधलं नळदुर्ग आज तालुक्याचंही ठिकाण नाही, पण एकेकाळी जिल्ह्याचं नाव नळदुर्ग होतं. इथल्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, तेव्हा त्याचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याने नळदुर्गातून पाहिला. १८६० मध्ये तो पुन्हा निजामाकडे गेला.

अक्कलकोट मात्र भोसल्यांचं स्वतंत्र संस्थान होतं आणि १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामुळे आजची जिल्ह्याची हद्द १९५६ पर्यंत दोन राज्यांची हद्द होती. नळदुर्ग हैदराबाद राज्यात, अक्कलकोट मुंबई राज्यात. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर हा सगळा रस्ता पहिल्यांदा एका सरकारच्या ताब्यात आला.

आता मुख्य प्रश्न. राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग झाला की नेमकं काय होतं? किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरव्याचा पिवळा होतो, हा झाला दिसणारा बदल. खर्चाची जबाबदारी राज्याकडून केंद्राकडे जाते. काम अनेकदा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातलीच राष्ट्रीय महामार्ग शाखा करते, पण पैसा आणि मापं केंद्राची. दोन पदरी महामार्गाचं प्रचलित माप म्हणजे ७ मीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की बाजूपट्टी, एकूण १० मीटर. शिवाय गटार आणि मातीचा भराव. एवढी जागा जुन्या रस्त्यापाशी असतेच असं नाही.

इथेच शेतकऱ्याचा संबंध येतो. रस्त्यासाठी जमीन कधी, किती घेतली, याची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर खातं म्हणतं ‘जागा रस्त्याचीच’ आणि शेतकरी म्हणतो ‘माझ्या नावावर आहे’. नळदुर्ग–अक्कलकोट पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं याच धर्तीचं आहे : आधी मोजणी आणि मोबदला, मग काम. ही मागणी अडवणूक म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण कायदा तिच्या बाजूने बराच बोलतो. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ नुसार संपादनाची अधिसूचना, हरकती आणि मोबदल्याचा निवाडा असे टप्पे आहेत. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू आहेत. त्यात ठरलेल्या रकमेइतकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून मिळते.

मात्र हे सगळं जमीन ‘संपादित’ होत असेल तरच. ती आधीच रस्त्याची ठरली, तर अधिसूचनाही निघत नाही आणि निवाडाही होत नाही. म्हणून रस्त्याकडेच्या जमीनमालकाने जुना फाळणी नकाशा, गावनकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी प्रत हाताशी ठेवलेली बरी. पूर्वीच्या संपादनाचा निवाडा दाखवा, असं खात्याला लेखी विचारता येतं, आणि माहिती अधिकारात तो मागताही येतो.