माळव्यातील मराठी शिक्षकांची घराणी

माळव्यात मराठी माणूस प्रथम आला तो घोड्यावर बसून, आणि त्याच्या मागोमाग दौत-लेखणी घेऊन आला तो कारकून, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. सरदारांच्या बखरी झाल्या, सरंजामदारांच्या वंशावळी छापल्या गेल्या, वाड्यांची व छत्र्यांची वर्णनेही पुष्कळ झाली. परंतु सरदाऱ्या ओसरल्यानंतर ज्यांनी लहानसहान गावांच्या शाळांतून या प्रांतात विद्येचा दिवा तेवत ठेवला, त्या शिक्षकांची कुळकथा फारशी कोणी लिहिली नाही. शिक्षकास इनाम नसते, सनद नसते. बदलीच्या गावी बांधलेले घरही बहुधा नसते. त्याच्या मागे दप्तर राहत नाही, म्हणून इतिहासकारांची दृष्टीही त्याच्याकडे वळत नाही.

ता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई झाली आणि पुढील जानेवारीत मंदसोरचा तह होऊन होळकरांचे राज्य इंग्रजांच्या तैनातीत गेले. त्यानंतर इंदूर हे राजधानीचे ठिकाण झाले. फौजा घटल्या, मोहिमा संपल्या, आणि दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांस नव्या उपजीविकेचा विचार करणे भाग पडले. ज्यांच्या घरी अक्षरओळख होती ते दप्तरांत, अदालतीत, पोलिसांत व शाळांत शिरले. त्या काळचा पंतोजी म्हणजे धुळाक्षरे गिरवून घेणारा, पावकी-निमकी-दिडकी घोकून घेणारा, मोडी वळण बसविणारा गृहस्थ. त्यास वेतन म्हणून पालकांकडून थोडे धान्य व सणावारी शिधा मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात इंदुरास मदरसा निघाला, आणि १८९१ साली शिवाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत होळकर महाविद्यालय सुरू झाले. पंतोजीचा मास्तर झाला तो या अवधीत. शिध्याऐवजी दरमहा पगार आला आणि पगाराबरोबर बदलीही आली.

विद्यादानाचा मठसंस्थेशी किती निकटचा संबंध आहे हे भाविकांस निराळे सांगावयास नको. श्रीसमर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. बाळबोध अक्षर कसे वळवावे, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, कागद व शाई कशी राखावी, या गोष्टी परमार्थपर ग्रंथात सांगाव्याशा वाटल्या, यावरून अक्षराकडे पाहण्याची त्या परंपरेची दृष्टी कळते. मठातील लेखक आणि शाळेतील पंतोजी हे एकाच वृक्षाच्या दोन फांद्या होत.

या शिक्षकवर्गाचे मूळ पाहू गेल्यास ते बहुधा दोन ठिकाणी सापडते: कोकणात आणि खानदेशात. कोकणातील मालगुंडच्या दामले घराण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. केशव विठ्ठल दामले हे मराठी शाळेतील शिक्षक. त्यांचे पुत्र कृष्णाजी हेच पुढे केशवसुत या नावाने मराठी कवितेचे युगप्रवर्तक झाले. मात्र पोटासाठी ते जन्मभर शिक्षकच राहिले. त्यांचे श्वशुरही खानदेशात शिक्षक होते, म्हणजे सोयरीकसुद्धा शाळेच्या उंबऱ्यावरच जुळली. मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड अशी त्यांची वाटचाल झाली, आणि १९०५ साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधू मोरो केशव दामले यांनी मात्र माळव्याची वाट धरली. उज्जयिनीच्या माधव महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले, पुढे ते नागपुरास गेले. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. मराठीच्या व्याकरणाचा हा आधारग्रंथ रचणाऱ्या पंडिताच्या आयुष्याचा मोठा भाग क्षिप्रेच्या काठी, अन्यभाषक मुलुखात गेला, याचे स्मरण माळव्यातील मराठी मंडळींस असावे.

खानदेशाकडील उदाहरण याहून अधिक विस्ताराने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात इंदूरचा संबंध घनिष्ठ आहे आणि त्या घराने एकाच पिढीत दोन भाषांना दोन लेखक दिले. हे घर मुक्तिबोधांचे. मूळ आडनाव कुलकर्णी. एका पूर्वजाने ‘मुग्धबोध’ अथवा ‘मुक्तबोध’ नावाचा अध्यात्मपर ग्रंथ रचला, आणि त्यावरून घराण्यास हे नाव पडले, अशी कुळातील परंपरा आहे. गावावरून, धंद्यावरून व वतनावरून आडनावे पडल्याची उदाहरणे हजारो आहेत. ग्रंथावरून पडलेले नाव विरळा. एकोणिसाव्या शतकात वासुदेवराव मुक्तिबोध जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे आले. त्यांचे पुत्र गोपाळराव फारसी जाणणारे होते व टोंक संस्थानात त्यांनी नोकरी केली. गोपाळरावांचे पुत्र माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलिसांत अधिकारी झाले. वृत्तीने ते अत्यंत सचोटीचे, देवपूजा नेमाने करणारे असे होते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ईसागढकडील शेतकरी कुटुंबातल्या. हरि नारायण आपटे आणि प्रेमचंद या दोघांच्याही कादंबऱ्या त्या आवडीने वाचीत. ही लहानशी गोष्ट पुढील हकिकतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या दांपत्याचे ज्येष्ठ चिरंजीव गजानन माधव यांचा जन्म ता. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. त्याच वर्षी इंदुरास मराठी साहित्य संमेलन भरले होते, आणि अध्यक्षस्थानी शिक्षण खात्यात सेवा केलेले गणेश जनार्दन आगाशे होते. दुसरे चिरंजीव शरच्चंद्र यांचा जन्म १९२१ साली इंदूर येथेच झाला. वडिलांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड गावोगाव फिरे आणि मुलांच्या अभ्यासात खंड पडे. १९३० साली गजानन उज्जयिनीस मिडल परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. हाच मुलगा पुढे मिडल शाळांतून शिकवू लागला, ही दैवाची गंमत म्हणावी लागेल. इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून १९३८ साली ते पदवीधर झाले. या काळात ते इंदुरास आपल्या आत्याबाईंकडे राहत. पुढच्याच वर्षी त्यांनी घरच्या मंडळींच्या इच्छेविरुद्ध शांताबाईंशी विवाह केला. सचोटीच्या पोलिस अधिकाऱ्याच्या घरी शिल्लक ती काय असणार? वडिलांची अपेक्षा मुलाने वकील अथवा अधिकारी व्हावे अशी असणे स्वाभाविकच होते. मुलगा शिक्षक झाला.

प्रथम बडनगरच्या मिडल शाळेत काही महिने, मग शुजालपूरच्या शारदा शिक्षण सदनात, मग उज्जयिनीस, पुढे जबलपूरच्या हितकारिणी शाळेत, असा हा प्रवास आहे. मधून मधून काशीस व अन्यत्र नियतकालिकांची कामे, १९४८ नंतर नागपुरास सरकारी माहिती खात्यात व आकाशवाणीत नोकरी. कुटुंब वाढत होते आणि मिळकत पुरत नव्हती. नोकरी व संसार सांभाळून १९५३ साली त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम्. ए. पदवी घेतली. महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ती मिळाली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात, जुन्या राजवाड्याच्या आवारात, तळ्यांच्या काठी. तेव्हा त्यांचे वय एक्केचाळिशीकडे झुकले होते.

त्यांनी लिहिलेल्या कथांपैकी एक कथा प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आहे. तिचे नाव ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’. विद्येच्या शोधात काशीस आलेला एक खेडवळ मुलगा एका ओसाड वाड्यात एका गुरूपाशी राहतो. बारा वर्षे अध्ययन होते. निरोपाच्या दिवशी गुरू आपले खरे रूप प्रकट करतो: तो ब्रह्मराक्षस आहे. जिवंतपणी त्यास आपली विद्या घेणारा योग्य शिष्य भेटला नाही, म्हणून मुक्ती मिळाली नाही. आता ती विद्या शिष्याच्या स्वाधीन झाली, आणि तिच्याबरोबर ती पुढे देण्याचा भारही शिष्यावर आला. तोवर त्यासही सुटका नाही. मराठी घरांतून ब्रह्मसमंधाच्या गोष्टी आजी-आत्या सांगत आल्या आहेत. त्या समजुतीस गजाननरावांनी असे वळण दिले की, भुताची गोष्ट ऋषिऋणाची गोष्ट झाली. शास्त्रांनी सांगितलेल्या तीन ऋणांपैकी हे एकच ऋण असे की जे घेतले त्यास परत करून फिटत नाही. ते तिसऱ्यास द्यावे लागते. ज्या मुलांस आपण उद्या ओळखणारही नाही त्यांना शिकविण्यात आयुष्य घालविणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कथेचा अर्थ अधिक खोल जातो.

दुसरे त्यांचे लेखन भाविकांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. १९५५ साली त्यांनी मध्ययुगीन भक्तिचळवळीवर एक निबंध लिहिला. त्यात कबीरादिकांबरोबर महाराष्ट्रातील संतांचाही विचार आहे, आणि भक्तीचा हा ओघ मुख्यतः ज्यांना समाजाने खालच्या पायरीवर बसविले त्या लोकांतून वर आला असे प्रतिपादन आहे. त्यांची सर्वच मते परंपरेस अनुसरणाऱ्या वाचकास मान्य होतील असे नाही. तथापि कुलकर्ण्याच्या कुळात जन्मलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या अक्षर ज्यांच्या हाती राहिले अशा घरच्या माणसाने अक्षरापासून दूर ठेवल्या गेलेल्यांचा पक्ष घ्यावा, ही गोष्ट नामदेव-चोखामेळ्यांची नावे घेणाऱ्यांस परकी वाटू नये. आणि येथे एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. ज्या घराण्यांचा हा गौरव चालला आहे ती बहुतेक एकाच वर्गातली होती. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना सोसावा लागलेला त्रास हा अक्षर एकाच अंगणात कोंडून ठेवण्याच्या हट्टाचाच परिणाम होता.

१९६२ साली गजाननरावांचे ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे शालेय पुस्तक प्रसिद्ध झाले. पाठ्यपुस्तकाने चार पैसे मिळतील आणि ओढाताण कमी होईल अशी आशा कोणाही शिक्षकास वाटावी. परंतु त्यावर गिल्ला झाला आणि त्याच वर्षी मध्यप्रदेश शासनाने ते पुस्तक बंद केले. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातून काढून घेतले गेले, हा घाव त्यांच्या फार जिव्हारी लागला. १९६४ च्या आरंभी त्यांना पक्षाघात झाला. भोपाळ व नंतर दिल्ली येथे उपचार झाले, परंतु ता. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला; छापील प्रत पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. आज हिंदी कवितेत त्यांचे स्थान केवढे आहे हे हिंदीभाषक वाचक जाणतात.

इंदुरात या परंपरेचे दुसरे, अधिक सुखद रूपही दिसते. विनायक सीताराम तथा तात्यासाहेब सरवटे यांचे नाव बसस्थानकामुळे शहरातील प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली बाल निकेतन संघाची स्थापना केली आणि बालशिक्षणास आयुष्य वाहिले. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पंतोजीच्या छडीखाली सुरू झालेली वाट लेकीच्या हाती येऊन बालमंदिरात पोचली.

मुक्तिबोध बंधूंच्या भाषेविषयी येथे थोडे लिहिणे उचित होईल, कारण दोन भाषांतून निघणाऱ्या या ग्रंथाच्या वाचकांच्या घरीही तोच प्रश्न असतो. घरात मराठी, दारात माळवी, शाळेत हिंदी, अशा वातावरणात दोघे वाढले. आई आपटे वाचीत होती व प्रेमचंदही. थोरल्याने हिंदी घेतली. शिकविणे हिंदीत, लिहिणे हिंदीत. हे मातृभाषेचे विस्मरण होय असा आक्षेप काही मराठी मंडळी घेतात. तो न्याय्य नाही. ज्या गावी शिक्षक जातो त्या गावच्या मुलांची भाषा त्याने आपली करावी लागते. न केली तर शिकविणे होत नाही. धाकट्या शरच्चंद्रांनी मराठीची कास धरली आणि नागपुरास प्राध्यापक झाले. ‘नवी मळवाट’ व ‘यात्रिक’ हे त्यांचे काव्यसंग्रह. त्यांच्या कादंबऱ्यांपैकी १९५४ साली निघालेल्या एकीस त्यांनी ‘क्षिप्रा’ असे नाव दिले. नागपुरात बसून मराठीत लिहिताना नाव सुचले ते उज्जयिनीच्या नदीचे. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या ग्रंथास १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८४ साली ते निवर्तले. जळगावाहून श्योपुरास आलेल्या वासुदेवरावांचे एक पणतू हिंदीच्या अभ्यासक्रमांत आहेत आणि दुसरे मराठीच्या.