परक्या घरातील विद्यार्थी : वारापासून विद्यार्थी-विनिमयापर्यंत
(नौपाडा, ठाणे या परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा, शिक्षक, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. विद्यार्थी शाळेत काय शिकला याची नोंद दप्तरात राहते. तो कोठे राहिला, कोणाच्या ताटात जेवला आणि कोणाच्या घरात आजारी पडला याची नोंद सहसा राहत नाही. शिक्षणासाठी स्वतःचे घर सोडून परक्या कुटुंबात राहणारा किशोरवयीन विद्यार्थी हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील जुना आणि परिचित घटक आहे. वाराने जेवणारा मुलगा आणि आज परदेशातून येऊन एखाद्या मराठी कुटुंबात वर्षभर राहणारा विनिमय-विद्यार्थी ही त्याचीच दोन रूपे होत. या दोन रूपांमधील साम्य व भेद तपासणे आणि यजमान घराचे, विशेषतः त्या घरातील स्त्रीचे, या इतिहासातील स्थान निश्चित करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वार, माधुकरी आणि त्यांच्या मर्यादा

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यातील गरीब मुलाला इंग्रजी शाळेसाठी शहर गाठावे लागे. शाळेत नादारी मिळाली तरी जेवणाचा प्रश्न उरे. त्यावर 'वार लावणे' हा समाजाने काढलेला तोडगा होता. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, याप्रमाणे सात घरे ठरवली जात. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपाशी राहणे किंवा माधुकरी मागणे एवढाच मार्ग असे. कोठे मुलाला घरच्या मुलांच्या पंगतीत बसवीत, कोठे सर्वांची पाने उठल्यावर वाढीत. कोठे त्याच्याकडून पाणी भरून घेत, कोठे धाकट्या मुलांची शिकवणी करून घेत. घर तेच, वार तोच. परंतु वाढणाऱ्या हाताची तऱ्हा वेगळी, हा अनुभव त्या पिढीच्या आत्मचरित्रांत व आठवणींत पुनःपुन्हा येतो. शिक्षणासाठी औंधला गेलेल्या साने गुरुजींनी त्या दिवसांतील हालअपेष्टा 'धडपडणारा श्याम' मध्ये रंगविल्या आहेत.

या प्रथेने अनेकांचे शिक्षण तडीस नेले हे खरे असले, तरी तिची मर्यादा स्पष्ट होती. वार हा मुख्यतः जातीच्या आत चालणारा व्यवहार होता. ज्या घरात स्पर्शास्पर्शाचे नियम पाळले जात, त्या घराचा उंबरठा सर्व विद्यार्थ्यांसाठी सारखा नव्हता. बहुजन व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाला वार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणूनच १९०१ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने व आश्रयाने सुरू झालेले मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह, १९२४ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काढलेले सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह आणि १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात सुरू केलेले वसतिगृह यांचे महत्त्व केवळ सोयीपुरते मर्यादित नाही. विद्यार्थ्याला अन्नासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, हा त्यांतील मूळ विचार होता. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती यांनीही हाच प्रश्न आपापल्या परीने हाताळला. वसतिगृहांची संख्या वाढली तशी वाराची प्रथा ओसरली. तिच्या जागी नातेवाइकांच्या घरी राहून शिकण्याची रीत मात्र दीर्घकाळ टिकली. कोकणातून मुंबई-ठाण्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिलेला भाचा किंवा पुतण्या हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातील नेहमीचे दृश्य होते.

आनंदीबाई जोशी आणि रोझेलचे घर

परदेशी कुटुंबात राहून शिक्षण घेण्याच्या मराठी परंपरेचा आरंभबिंदू शोधू गेल्यास तो ठाणे जिल्ह्यातच सापडतो. कल्याणच्या जोशी घराण्यात १८६५ साली जन्मलेल्या यमुनेचा, म्हणजेच आनंदीबाईंचा, विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तेथील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथे राहणाऱ्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला आणि त्यांनी १८८० मध्ये आपण होऊन पत्र लिहिले. पुढील सुमारे तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. आजच्या विनिमय योजनांत विद्यार्थी व यजमान यांची ओळख प्रवासापूर्वी पत्रांतून करून दिली जाते. तीच पायरी येथे कोणत्याही संस्थेवाचून पार पडली.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाईंनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. त्यांना उतरवून घेण्यास कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वीचे काही महिने आनंदीबाई रोझेलच्या घरी राहिल्या. कार्पेंटरबाईंना त्यांनी मावशीचे नाते दिले. हे नाते जोडताना स्वतःचे काहीही सोडण्याची अट त्यांच्यावर नव्हती, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आरंभी ज्या मिशनऱ्याकडे मदत मागितली होती त्याने धर्मांतराची अपेक्षा व्यक्त केली होती. निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे सांगितले होते. रोझेलच्या घराने तो शब्द पाळू दिला. त्यांचा आहार शाकाहारी राहिला. नऊवारी लुगडे तेथील थंडीला पुरेसे पडेना, तेव्हा त्यांनी पाश्चात्त्य झगा स्वीकारला नाही, तर गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मध्यम मार्ग काढला. बदल झाला, परंतु तो किती व्हावा हे पाहुणीने ठरवले.

मार्च १८८६ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या रक्षेला जागा मिळाली. आपल्या मृतांमध्ये स्थान देणे याहून मोठी कुटुंबात सामावून घेण्याची खूण दुसरी कोणती असू शकेल? आनंदीबाईंच्या शिक्षणाच्या इतिहासात गोपाळरावांचा आग्रह व महाविद्यालयाचे औदार्य यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. रोझेलच्या त्या घराकडे त्यामानाने कमी लक्ष गेले आहे.

विद्यार्थी-विनिमय योजनांचा उदय

परदेशी कुटुंबात राहणे हीच शिक्षणाची पद्धत मानणाऱ्या संस्था विसाव्या शतकात उदयास आल्या. १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथील रोटरी क्लबने विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. १९३२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड वॉट यांनी तरुणांना परदेशी कुटुंबांत ठेवण्याचा प्रयोग आरंभिला. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची वाहतूक करणाऱ्या अमेरिकन फील्ड सर्व्हिस या स्वयंसेवी संघटनेने दुसऱ्या महायुद्धानंतर शालेय विद्यार्थ्यांच्या विनिमयाचे कार्य हाती घेतले. १९४७ मध्ये तिचे पहिले बावन्न विद्यार्थी अमेरिकेत दाखल झाले. युद्धात ज्यांनी जखमी सैनिक वाहिले त्यांनाच मुलांनी एकमेकांच्या घरी राहावे असे वाटावे, यात या चळवळीचे मर्म आहे. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारने २००२ मध्ये जी शिष्यवृत्ती योजना आखली तिच्या मुळाशीही हाच विचार होता. या योजनेत पुढे भारताचा समावेश झाला.

रोटरीच्या दीर्घ मुदतीच्या विनिमयात सर्वसाधारणपणे पंधरा ते एकोणीस वर्षे वयाचा विद्यार्थी एक शैक्षणिक वर्ष परदेशात राहतो. तो बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत क्रमाने राहतो. निवास व भोजन यजमान कुटुंबे विनामूल्य देतात, तर प्रवास व विमा यांचा खर्च पालक करतात. शाळेत जाणे सक्तीचे असते. वाहन चालवणे, मद्यपान, अमली पदार्थ आणि प्रेमप्रकरणे यांना मज्जाव असतो. क्रमाने घरे बदलण्याची ही रीत पाहता वाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. भेद असा की वारात घर दिवसागणिक बदले, येथे ते काही महिन्यांनी बदलते. आणि वाराचा मुलगा उपकृत असे, तर येथे एका घराने ठेवून घेतलेल्या मुलाच्या बदल्यात दुसरे घर मूल पाठवते. उपकाराची जागा परतफेडीने घेतली, हे या स्थित्यंतराचे सार होय.

नौपाड्याचे घर आणि दैनंदिन जीवन

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस गोखले रोड, राममारुती रोड व गावदेवी मैदान यांच्या आसपास पसरलेला नौपाडा हा मराठी मध्यमवर्गाचा जुना परिसर आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १९३५ मध्ये स्थापन झालेले विद्या प्रसारक मंडळ यांच्या सान्निध्यात येथील वाचनाची व शिक्षणाची आवड जोपासली गेली. अशा परिसरातील दोन-तीन खोल्यांच्या घरात परदेशी किशोर राहावयास येतो तेव्हा प्रथम जागेचा प्रश्न उभा राहतो. पाश्चात्त्य मुलाला स्वतंत्र खोलीची व बंद दाराची सवय असते. मराठी घरात दार लावून बसलेले मूल एक तर रागावलेले किंवा आजारी समजले जाते. आजी दार ठोठावते ती काळजीने. आत बसलेल्याला तो हस्तक्षेप वाटतो. या एका दारावर दोन संस्कृतींचा खरा संवाद घडतो.

दुसरा प्रसंग ताटावरचा. 'नको' हा शब्द मराठी यजमानाला नकार वाटत नाही. तो संकोच वाटतो. पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि तीनदा वाढले जाते. पुढे काही आठवड्यांनी तो पानावर आडवा हात धरण्यास शिकतो आणि घरातील स्त्री त्याच्या भुकेचा अंदाज घेण्यास शिकते. चपला दाराबाहेर काढणे, बादलीने अंघोळ, हाताने जेवणे, गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणे, गणपतीत आरतीला टाळ धरणे आणि दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवणे यांतून तो हळूहळू घरचा होतो. त्याला काका, काकू, आजी ही संबोधने मिळतात. येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. जोवर त्याला काम सांगितले जात नाही, तोवर तो पाहुणाच राहतो. ज्या दिवशी त्याला पिशवी देऊन कोथिंबीर आणावयास पाठवले जाते, त्या दिवशी तो घरचा होतो. वाराच्या मुलाला काम सांगणे हे त्याच्या हीनत्वाचे चिन्ह होते. विनिमयाच्या मुलाला काम सांगणे ही त्याच्या समावेशाची खूण ठरते. क्रिया एकच, अर्थ मात्र नात्यातील समानतेवर अवलंबून आहे.

उलट दिशेने गेलेल्या मराठी मुलामुलींचा अनुभव याच्याशी पूरक असतो. कपडे स्वतः धुणे, जेवल्यावर भांडी यंत्रात लावणे, बाहेर जाण्यापूर्वी सांगून जाणे आणि लहानसहान गोष्टींसाठी आभार मानणे त्यांना नव्याने शिकावे लागते. आईचे आभार मानण्याची रीत नसलेल्या घरातील मुलाला आईच्या कामाचे मोल बरेचदा परक्या स्वयंपाकघरात प्रथम कळते. पालकांची चिंता मात्र निराळी असते. दहावीनंतरचे वर्ष परदेशात गेल्यास बारावीच्या स्पर्धेत मूल मागे पडेल ही शंका अनेक घरांत हा विचार उंबऱ्यावरच थांबवते.

संपर्कसाधनांनीही या अनुभवाचे स्वरूप बदलले. १९८० च्या दशकात निळे हवाईपत्र आणि क्वचित केलेला फोन एवढाच घराशी दुवा असे. त्यामुळे यजमान घराचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नसे. इंटरनेटवरील दूरदृश्य संभाषणाने हे अंतर मिटवले. मूल देहाने एका घरात आणि मनाने दुसऱ्या घरात राहू लागले. २०२० मध्ये करोनाच्या साथीने असे विनिमय जगभर खंडित झाले, तेव्हा परक्या घराला पडदा हा पर्याय होऊ शकत नाही हेही दिसून आले.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परक्या घरात राहून शिकण्याची कल्पना महाराष्ट्राला पश्चिमेकडून मिळालेली नाही. तिची देशी परंपरा होती, परंतु ती जातीच्या कुंपणात अडकली होती. दुसरी, विनिमय योजनांनी उपकाराच्या जागी परस्परता आणली असली, तरी कुंपण पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. ज्या घरात जादा खोली, विमानभाड्याची ऐपत व इंग्रजीचा वावर आहे, त्याच घरातील मुलांना ही संधी सहज मिळते. जातीची जागा वर्गाने घेऊ नये यासाठी शिष्यवृत्तीवर आधारित योजनांचा विस्तार आवश्यक आहे. तिसरी, वार असो वा विनिमय, या व्यवस्थेचा भार घरातील स्त्रीने वाहिला. संस्थांच्या अहवालांत मात्र क्लबचे, अध्यक्षांचे व देणगीदारांचे नाव राहिले. कार्पेंटरबाई आणि आनंदीबाई यांचा पत्रव्यवहार जपला गेला म्हणून एका यजमान स्त्रीचे कार्य इतिहासाला ज्ञात झाले.

नौपाड्यातील जुन्या इमारती पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरील पत्रांचे गठ्ठे, छायाचित्रे व हिशेबाच्या वह्या प्रथम रद्दीत जातात. एकेकाळी परगावच्या वा परदेशच्या मुलांना आपल्या पंगतीत बसवणाऱ्या स्त्रिया आज वृद्धापकाळात आहेत. त्यांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे आहे. ते वेळीच झाले, तर शिक्षणाच्या इतिहासात शाळेच्या इमारतीबरोबर स्वयंपाकघरालाही त्याचे न्याय्य स्थान मिळू शकेल.